तोफांच्या बदल्यात कापूस



२०२५ च्या ऑगस्टात आपल्या पऱ्हाटीला पाती-फुले धरत होती, तेव्हा दिल्लीत एक कागद निघाला. बाहेरून येणाऱ्या कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ. मग मुदत वाढवून ३१ डिसेंबर केली. म्हणजे पहिल्या वेचणीपासून माल बाजारात येण्याचा सगळा भराचा काळ त्यात आला. लांब धाग्याचा हमीभाव कागदावर ८११० रुपये होता आणि खासगी व्यापारी त्याच्या खालीच बोलत होता, हे तुम्हाला सांगायला नको. काटा तुम्ही पाहिलेला आहे.

हा कागद का निघाला? रशिया युक्रेनशी लढत होता. रशियाचे तेल घेतो म्हणून अमेरिकेने त्याच ऑगस्टात भारताच्या मालावर आणखी २५ टक्के कर लावला. आधीचे २५ धरून ५० झाले. तयार कपड्यांची निर्यात अडली, गिरणीवाले आणि कपडेवाले दिल्लीत जाऊन बसले. त्यांची समजूत काढायला सरकारजवळ स्वस्तातली एकच वस्तू होती, ती म्हणजे तुमचा कापूस.

आपले काही कार्यकर्ते म्हणतात, जागतिक राजकारण कशाला, भावाचे बोला. मी भावाचेच बोलतो आहे. मोठ्यांच्या भांडणात कापूसवाला कसा भरडला जातो, याचा सगळ्यात स्वच्छ दाखला इजिप्तचा आहे.

शेतकी कॉलेजात आम्हाला इजिप्त म्हणजे लांब धागा आणि गिझा जाती, एवढेच शिकवले. त्या कापसाचे राजकारण पुस्तकात नव्हते. १९५५ साली इजिप्तचे नासर शस्त्रे मागत होते. पाश्चिमात्य देश आपल्या अटींवाचून द्यायला तयार नव्हते. सप्टेंबरात नासरांनी चेकोस्लोव्हाकियामार्फत रशियाच्या गोटातून शस्त्रे घेण्याचा करार जाहीर केला. फेड बरीचशी कापसात. लगेच डिसेंबरात अमेरिका आणि ब्रिटनने आस्वान धरणासाठी पैसा देऊ केला, अमेरिकेचे ५ कोटी ६० लाख डॉलर आणि ब्रिटनचे १ कोटी ४० लाख. धरणाची माया एकाएकी कुठून आली, हे इजिप्तमधल्या पोरालाही कळत असेल.

१९५६ च्या मे महिन्यात इजिप्तने कम्युनिस्ट चीनला मान्यता दिली आणि अमेरिकेचा पारा चढला. त्यात अमेरिकेच्या दक्षिणेकडचे, कापूस पिकवणाऱ्या राज्यांचे खासदार आधीपासून ओरडत होते की धरण झाले तर इजिप्तचा कापूस वाढेल आणि आमच्या शेतकऱ्याच्या मुळावर येईल. (शेतकऱ्यासाठी असे ओरडणारे खासदार आपल्याला कधी मिळायचे?) १९ जुलैला अमेरिकेने हात काढून घेतला, २६ जुलैला नासरांनी सुएझ कालवा राष्ट्राच्या ताब्यात घेतला. ऑक्टोबर अखेरीस इस्रायल, ब्रिटन, फ्रान्स चालून आले आणि अमेरिकेनेच ब्रिटनच्या पैशाची नाडी आवळून त्यांना माघारी धाडले. १९५८ मध्ये धरणाला रशियाचे कर्ज मिळाले. १९७० ला धरण पुरे झाले.

एवढ्यावरून नासरांनी दोघांना खेळवले, असे शहाणे लोक लिहितात. खोटे नाही. छोट्या देशाने दोन सावकारांना एकमेकांविरुद्ध बोली लावायला लावणे यात हुशारी होती. प्रश्न एवढाच आहे की खेळवण्याचे पैसे कोणी भरले.

शस्त्रांचे आणि यंत्रांचे कर्ज फेडायला सरकारला कापूस हवा, तोही आपल्याच हातात. १९६१ साली निर्यातीचा व्यापार सरकारने घेतला. पुढे शेतकऱ्याने आपला कापूस सहकारी यंत्रणेलाच, सरकार ठरवेल त्याच भावात घालायचा, असा नेम झाला. बियाणे-खताची उधारी त्याच पैशातून कापली जाई. जगाच्या बाजारात भाव काय, याच्याशी नाईलकाठच्या माणसाचा संबंध उरला नाही. महाराष्ट्रात १९७२ पासून एकाधिकार खरेदी ज्यांनी भोगली, रात्री गाड्या जुंपून हद्दीपार कापूस ज्यांनी नेला, त्यांना याहून जास्त समजावण्याची गरज नाही.

तिथल्या शेतकऱ्याने काय केले? मोर्चा काढायची सोय नव्हती. त्याने बरसीम धरला. बरसीमवर सरकारी भाव नव्हता, लेव्ही नव्हती. म्हशीला घालावा, दूध-मांस मोकळ्या बाजारात विकावे. मग तो बरसीमाची आणखी एक कापणी घेई आणि कापसाची पेर लांबवी. उशिरा पेरलेल्या कापसाचे काय होते हे तुम्ही जाणता. बोंडअळी आणि उतारा दोन्ही बिघडतात. अधिकारी म्हणत, शेतकरी अडाणी आहे, वेळेवर पेरत नाही. माझ्या मते तो त्या देशातला सर्वात चोख हिशेबनीस होता. कापसाची ही सक्ती सुटायला १९९४ उजाडले, तोवर ज्यांच्याकडून कर्ज घेतले ते सोव्हिएत राज्यच उरले नव्हते.

अन्नाचीही तीच कथा. अमेरिकेने पीएल-४८० खाली इजिप्तला आणि आपल्याला रुपया-पौंडात गहू दिला. व्हिएतनामवर नेहरूंनंतरच्या दिल्लीने टीका केली, तर १९६५-६६ च्या दुष्काळात अध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजे महिन्याच्या हिशेबाने सोडली. इजिप्तचाही गहू त्याच सुमारास रोखला. आणि गहू येत होता तेव्हा रेशनवरच्या त्या स्वस्त गव्हाशी आपल्या ज्वारीने कशी बरोबरी करायची होती?

२०२२ मध्ये युक्रेनची लढाई पेटली. इजिप्तच्या आयातीतला बहुतेक गहू रशिया आणि युक्रेनमधून येई. एप्रिलात त्याने भारताचा गहू घ्यायला मंजुरी दिली. जगात भाव चढलेला, दारात गिऱ्हाईक आलेले. १३ मे रोजी आपल्याच सरकारने निर्यात बंद केली. मोठ्यांच्या भांडणात शेतकऱ्याला तोटाच होतो असे नाही, कधी चार पैसे मिळण्याची वेळही येते. पण ती वेळ आली की दार बंद, आणि भाव पडायची वेळ आली की दार सताड उघडे. २०२२ चा गहू आणि २०२५ चा कापूस शेजारी ठेवून पाहा.

अमेरिकेचा शेतकरीही यातून सुटत नाही. २०१८ च्या एप्रिलात चीनने अमेरिकी ज्वारीवर १७८.६ टक्के अनामत लावली, तेव्हा भरलेली जहाजे समुद्रात तोंड फिरवून गेली. फरक असा की त्याच वर्षी त्याच्या सरकारने व्यापारयुद्धाची भरपाई म्हणून त्याच्या हातात पैसे ठेवले.

म्हणून या मेळाव्यापुढे ठराव येतो आहे: कापसाच्या आयात शुल्कात पेरणीपासून शेवटच्या वेचणीपर्यंत बदल करू नये, आणि परराष्ट्राच्या कारणासाठी केलाच तर हमीभाव व विक्रीभाव यांतला फरक सरकारने क्विंटलमागे द्यावा. त्यासाठी २०२५ च्या हंगामाच्या काटापट्ट्या लागतील. प्रत्येक गावच्या प्रमुखाने त्या गोळा करून सोबत आणाव्यात, तारीख आणि दर वाचता येईल अशा.