बाईंची नक्कल, कोणाची करमणूक?

परतवाड्याजवळच्या एका माध्यमिक शाळेचे स्नेहसंमेलन होते. नववीच्या मुलांनी आपल्या शिक्षकांवर नाटुकले बसवले होते. एका मुलाला साडी नेसवली होती, ब्लाउजमध्ये कापडाचे बोळे कोंबले होते, ओठांना भडक लाली लावली होती. या झाल्या विज्ञानाच्या बाई. दोन ‘सर’ त्यांच्या मागेपुढे करत होते, एकाने तर खडू मुद्दाम त्यांच्या पायाशी पाडला. दुसरा मुलगा चष्मा लावून, छडी घेऊन आला. त्या झाल्या वयस्क, बिनलग्नाच्या, सदा खेकसणाऱ्या बाई. मांडव हसून लोटपोट झाला. विज्ञानाच्या खऱ्या बाई पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. त्याही हसल्या. न हसून करतात काय?

दुसऱ्या दिवशी त्या फळ्याकडे वळल्या तेव्हा मागच्या बाकावरून शीळ आली. तक्रार केली तर उत्तर मिळाले, “अवो मॅडम, मजाक होती ना! काहून एवढं मनावर घेता?” नाटुकले बसवून घेणारे एक सरच होते, हेही त्या बाईंनी आमच्या बैठकीत सांगितले. सांगताना त्या रडल्या नाहीत, संतापलेल्या होत्या. तो संताप आपल्या सगळ्यांचा व्हावा म्हणून हा लेख.

मुलांना दोष देऊन आपल्याला मोकळे होता येणार नाही. ही दोन सोंगे, एक मागे लागण्याजोगी तरुण बाई आणि एक खाष्ट प्रौढ बाई, त्यांना आयती मिळाली आहेत. ती पडद्यावरून आली आहेत आणि फार लांबून आली आहेत.

शाळेवरच्या विनोदी मालिका ब्रिटनच्या टेलिव्हिजनने अनेक काढल्या. १९६८ ते १९७२ या काळात चाललेली ‘प्लीज सर!’ ही त्यांतली गाजलेली. माध्यमिक शाळेत नव्याने आलेला तरुण मास्तर, वांड वर्ग, आणि मास्तरच्या चांगुलपणाची होणारी फजिती. तो गोंधळतो, चुकतो, तरी प्रेक्षक त्याच्या बाजूने असतो. त्याच शाळेतल्या उपमुख्याध्यापिका मिस यूएल मात्र दरारा घालणाऱ्या, ताठ आणि अर्थात बिनलग्नाच्या.

मग १९७७ साली ‘माइंड युवर लँग्वेज’ आली. परदेशातून आलेल्या प्रौढांना इंग्रजी शिकवणारा बिचारा तरुण शिक्षक आणि त्याच्या डोक्यावर बसलेल्या कडक प्राचार्या मिस कोर्टनी. याच मालिकेवरून आपल्याकडे १९९३ मध्ये हिंदीत ‘जबान संभाल के’ आली. पंकज कपूर सोशिक मास्तर झाले आणि आपल्या शुभा खोटे संस्थेच्या प्रमुख मिस दीक्षित. लंडन बदलले, भाषा बदलली, विद्यार्थी बदलले. साचा तोच राहिला. मूळ मालिकेत परदेशी माणसांची थट्टा होती, ती वंशद्वेषी आहे असा आक्षेप तिकडे जोरात घेतला गेला, आणि तो रास्तच होता. पण वरच्या पदावर पोचलेली बाई हसण्यासारखीच असणार, हे गृहीत धरले आहे याची मात्र फारशी कोणाला टोचणी लागली नाही.

हे जुने झाले म्हणावे, तर २०१३ मध्ये बीबीसीवर ‘बिग स्कूल’ आली. माध्यमिक शाळा, रसायनशास्त्राचे एक सर, व्यायामाचे एक सर, आणि फ्रेंच शिकवायला नव्याने आलेल्या बाई. या बाई कोणाच्या होणार, यावर कथेची गाडी चालते. त्या फ्रेंच कशा शिकवतात यावर नाही. आपल्या हिंदी सिनेमाला नावे ठेवायला नकोत असे थोडेच आहे? ‘मैं हूँ ना’ (२००४) आठवा. रसायनशास्त्राच्या बाई येतात तेव्हा वारा सुटतो, पदर उडतो, व्हायोलिने वाजतात. त्यांचा विषय कोणता हे किती जणांच्या लक्षात राहिले असेल? आणि हा सिनेमा एका स्त्रीनेच दिग्दर्शित केला होता. साचा बायकांच्याही डोक्यात किती खोल बसलेला असतो, हे यावरून कळावे.

मैत्रिणींनो, शब्दच पाहा. ब्रिटनच्या शाळेत पुरुष शिक्षक ‘सर’, म्हणजे मानाची पदवी. बाई मात्र ‘मिस’, मग तिला नातवंडे का असेनात! आपल्याकडे तो ‘सर’ किंवा ‘गुरुजी’, आणि ती ‘बाई’. ‘बाई’ या शब्दात माया आहे, आदर आहे हे आम्ही जाणतो. पण पुरुषाला हाक मारताना त्याचा पेशा दिसतो आणि स्त्रीला हाक मारताना तिची जात, बाईची जात, हेही खरे आहे. पडद्यावरचा विनोद नेमका याच फटीतून आत शिरतो. सरांची गंमत त्यांच्या कामातून होते, बाईंची गंमत त्यांच्या बाईपणातून.

हे आजचे नाही. १८४८ मध्ये सावित्रीबाई पुण्यात शिकवू लागल्या तेव्हा अंगावर चिखल आणि शेण आले. पुढे १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल निघाले आणि दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, नारायण बापूजी कानिटकरांची ‘तरुणी शिक्षण नाटिका’ आली. शिकलेली स्त्री कशी बिघडते, हे तीत थट्टेने दाखवले होते. शेणाची जागा विनोदाने घेतली, एवढाच फरक. आणि आपल्याच वऱ्हाडातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्येच ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून, स्त्रीला दोषांची खाण ठरवणाऱ्या पुरुष लेखकांना खडे बोल सुनावले होते. त्या परंपरेच्या आपण वारसदार आहोत. मग गप्प का बसतो?

“तुम्हा स्त्रीवाद्यांना विनोदच कळत नाही,” हे आता कोणीतरी म्हणेलच. कळत नसता तर ज्योती म्हापसेकरांचे ‘मुलगी झाली हो’ १९८३ पासून गावोगाव कसे पोचले असते? त्या नाटकाला आपल्या बाया हसल्या, हसता हसता रडल्या, आणि घरी जाऊन नवऱ्यांशी भांडल्या. विनोद आम्हाला हवाच आहे. प्रश्न एवढाच, की तो कोणाच्या अंगावर पडतो?

शिक्षकांवरचा सच्चा विनोद पाहायचा तर बुलढाण्याच्या रमेश इंगळे उत्रादकरांची ‘निशाणी डावा अंगठा’ ही कादंबरी घ्या. तिच्यावर २००९ मध्ये सिनेमाही आला. साक्षरता मोहिमेचे फर्मान वरून येते आणि खाली मास्तर मंडळी कागद रंगवत बसतात. हसू येते ते फर्मानाचे आणि कागदाचे. अमेरिकेत २०२१ पासून ‘अ‍ॅबट एलिमेंटरी’ ही मालिका निघाली. ती लिहिणाऱ्या क्विंटा ब्रन्सन यांची आई बालवाडीची शिक्षिका होती. प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका तिथे मुख्य पात्रे आहेत, आणि विनोद शाळेला पैसा न देणाऱ्या व्यवस्थेतून होतो. म्हणजे मनात असले की जमते!

आमच्या भागातल्या शिक्षिकेच्या आयुष्यात विनोदाला काय तोटा आहे? पहाटे डबा करून परतवाड्याच्या स्टँडवर एसटी पकडायची, घाट चढून मेळघाटातल्या शाळेत पोचायचे. कोरकू बोलणाऱ्या मुलांपुढे मराठी पुस्तक उघडायचे. प्राथमिक शाळा असेल तर खिचडीचा हिशेब ठेवायचा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढी कामे सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत, असे तो म्हणतो. पण ही तीन कामेच किती पसरतात ते मतदार याद्या घेऊन दारोदार फिरणाऱ्या बाईंना विचारा. राज्यात २००० पासून शिक्षण सेवक नेमले जातात. प्राथमिकच्या सेवकाला २०२३ मध्ये १६,००० रुपये मानधन होण्याआधी ६,००० मिळत होते. एवढ्या पैशात नोकरी, भाडे आणि प्रवास भागवण्याची कसरत हीच मोठी शोकांतिका आणि मोठा फार्स आहे. तो कोणी लिहीत नाही. पदर उडवणे सोपे असते.

आणि मजाक मांडवात थांबत नाही. जिच्या शरीराची नक्कल शाळेच्याच व्यासपीठावर होते, तिचा दुसऱ्या दिवशी वर्गावर ताबा राहत नाही. स्टाफरूममध्ये शेरे मारायला परवानाच मिळतो. शिवाय वर्गातल्या मुली हे सगळे पाहत असतात. शिकून बाई व्हायचे तर हे वाट्याला येणार, हा धडा कोणत्याही पुस्तकात नसताना त्या शिकतात. कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. राजस्थानातल्या साथिन भंवरीदेवींवरच्या अत्याचारानंतर लढा उभा राहिला, त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि मग २०१३ चा कायदा. लैंगिक अर्थाचे शेरे मारणे त्यात छळ म्हणूनच मोडते. “मजाक होती” हा त्यातून सुटण्याचा रस्ता नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत :

१. जिथे दहा किंवा अधिक कर्मचारी आहेत त्या प्रत्येक शाळेत अंतर्गत समिती हवी. तिच्या सदस्यांची नावे स्टाफरूममध्ये लावलेली हवीत. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता लावावा.

२. स्नेहसंमेलनातली नाटुकली बसण्याआधी शिक्षिकांनी वाचलेली असावीत. मुलांवर बंदी घालण्यासाठी हे नको, त्यांच्याशी बोलण्यासाठी हवे.

३. आपल्या गटांनी शाळाशाळांत जाऊन मुलामुलींबरोबर शिक्षिकेच्या दिवसावर विनोदी पथनाट्ये बसवावीत. सुरुवात आम्ही करत आहोत.

त्या विज्ञानाच्या बाईंनी पहिल्या पथनाट्यासाठी विषयही सुचवला आहे : एक बाई, एक एसटी, आणि एकाच दिवशी आलेली चार परिपत्रके. मुख्य भूमिका त्या स्वतः करणार आहेत. तुमच्या शाळांत काय घडते, कोण हसते आणि कोण न हसता बसते, ते आम्हाला जरूर लिहा.