दुसरा गुन्हा कुणाचा?

दारू पिऊन गाडी चालवणारा पहिल्यांदा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, पंधरा हजार दंड, किंवा दोन्ही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की खेळ खलास.

आम्ही या कायद्याच्या विरोधात नाही. पिऊन स्टेअरिंग धरणाऱ्याची गाडी शेवटी जाते कुणाच्या अंगावर? बाराव्या मजल्यावर झोपणाऱ्याच्या नाही. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर फूटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली मेले, आठ जखमी झाले. चालवणारा प्यालेला. सेशन्स कोर्टानं दिले सहा महिने. हायकोर्टानं केली तीन वर्षं. २०१२ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, सात जिवांसाठी ही शिक्षा फारच तुटपुंजी आहे. पण ती वाढवायचा विचार आम्ही करत नाही, कारण सरकारनं अपीलच केलेलं नाही. सात मजूर मेले आणि सरकारला एक अर्ज करावासा वाटला नाही. हा कुठला न्याय साला?

आता दोस्तांनो, ‘दुसरा गुन्हा’ म्हणजे काय ते नीट समजून घ्या. पोलिसानं दोनदा धरलं म्हणजे दुसरा गुन्हा होत नाही. पहिला कोर्टात शाबित झालेला लागतो. ही केस रस्त्यावर पावती फाडून मिटत नाही, कोर्टात जावंच लागतं. आणि खरा भेदभाव तिथंच सुरू होतो.

पैसेवाल्याचा वकील पंचनामा, मशीन, रक्ताचा नमुना एकेक करून उसवत नेतो. पुण्यात २०२४ साली तर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरांना अटक झाली. पहिली केसच शाबित नाही, तर दुसरी येणार कुठून? अशा माणसाचा जन्मभर पहिलाच गुन्हा.

आणि आपला टेम्पोवाला, रिक्षावाला? रोजी बुडू नये म्हणून ‘साहेब, गुन्हा कबूल’ म्हणतो, उसनवारी करून दंड भरतो आणि सुटलो म्हणून घरी येतो. सुटलेला नसतो तो. त्या दिवशी तो गुन्हेगार म्हणून कागदावर चढलेला असतो. पूर्वी मागचा गुन्हा तीन वर्षांच्या आतला असला तरच पुढचा दुसरा धरायचे. २०१९च्या दुरुस्तीनं ती अट काढून टाकली. आता तो कागद जुना होत नाही.

वर पंधरा हजार. कुणाचं ते एका रात्रीचं बारचं बिल, कुणाचं अख्ख्या महिन्याचं रेशन, खोलीभाडं, पोरांची फी. लायसनचंही तेच. कोर्ट ते काढून घेऊ शकतं. ज्याला ड्रायव्हर ठेवता येतो तो मागच्या सीटवर बसतो. ज्याचं लायसन हीच भाकर, त्याच्या घरची चूल विझते.

म्हणून आपल्या माणसाला पिऊन चालवायची मोकळीक द्यायची काय? अजिबात नाही. रिक्षावाला गरीब आहे म्हणून त्याच्या चाकाखाली येणारा कमी मरत नाही. फूटपाथवर झोपलेलाही आपलाच आहे. आमचं म्हणणं एवढंच, की पहिला गुन्हा मलबार हिलपासून मालवणीपर्यंत सारख्याच तपासानं शाबित करा आणि दुसरा सारख्याच मापानं मोजा.

तोवर काही गोष्टी वस्तीत सांगत फिरा. या गुन्ह्यात अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी झाली पाहिजे, नाहीतर सोडावं लागतं. कलम २०२. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. कबुली देण्याआधी तो वकील मागा. ही भीक नव्हे, हक्क आहे.

आणि सगळ्यात आधी, प्यालेल्या दोस्ताच्या हातातली चावी काढून घ्या. तो शिव्या देईल. देऊ द्या.