सगळ्यांचा एक पासवर्ड

1 एप्रिल 2025 पासून ई-वे बिल आणि ई-इनव्हॉइसच्या पोर्टलवर पासवर्डनंतर ओटीपी टाकल्याशिवाय कुणालाच आत जाता येत नाही. ही सक्ती एका रात्रीत आली नाही. 20 ऑगस्ट 2023 ला शंभर कोटींवरची उलाढाल असलेले तिच्या कक्षेत आले, जानेवारी 2025 मध्ये वीस कोटींवरचे, फेब्रुवारीत पाच कोटींवरचे आणि एप्रिलमध्ये उरलेसुरले सगळे. मोठ्यांनी मुकाट्याने गिळलेला नियम छोट्यांपर्यंत पोचला तेव्हा बाजारात ओरड सुरू झाली. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येकाचं वेगळं युजर नाव, फोनवर येणारा आकडा, कुणी काय बदललं याची नोंद, या सगळ्यालाच आता एकत्रित शिव्या पडतात. शिव्या देणारे गोदामवाले, यंत्रमागवाले आणि त्यांचे कर सल्लागार हे माझे रोजचे लोक आहेत. त्यांची अडचण खरी आहे. तिचं जे कारण ते सांगतात, ते मात्र मला मान्य नाही.

आधी त्यांची बाजू, आणि ती जितकी भक्कम आहे तितकी भक्कम मांडू. भिवंडीच्या गोदामात संध्याकाळी गाडी भरून उभी असते. ड्रायव्हर हॉर्न वाजवून घाई करतोय. बिल तयार आहे, पण पोर्टलवर ई-वे बिल काढायचं तर ओटीपी हवा, आणि तो जातो शेठच्या मोबाइलवर. शेठ लग्नाला सुरतेला. काउंटरवरचा मुलगा फोन करतो, "शेठ, ओटीपी आला का?" तिकडून बँडच्या आवाजात उत्तर येतं, "थांब जरा, बघतो." शेठ चष्मा शोधून आकडे वाचून दाखवेपर्यंत त्या ओटीपीची मुदत संपलेली. पुन्हा पहिल्यापासून. गाडी तशीच सोडली आणि वाटेत पथकाने अडवली, तर जीएसटी कायद्याच्या कलम 129 खाली मालाचा मालक पुढे आला तरी कराच्या दुप्पट दंड. म्हणून गाडी उभी, हमाल बसलेले, आणि सगळे मिळून सरकारच्या नावाने बोटं मोडताहेत.

या प्रसंगात एकच प्रश्न विचारायचा राहून जातो: गाडी मुलगा सोडतोय, तर ओटीपी शेठच्या फोनवर का जातोय?

कारण गोदाम, ऑफिस आणि घर मिळून लॉगइन एकच आहे आणि ते शेठच्या नावाचं आहे. वास्तविक याच पोर्टलवर मुख्य खात्याखाली उपखाती उघडता येतात. प्रत्येक उपखात्याला त्या त्या माणसाचा मोबाइल जोडता येतो आणि ओटीपी त्याच मोबाइलवर जातो. कुणाला बिल काढायचा अधिकार द्यायचा आणि कुणाला नाही, हेही मालकच ठरवतो. शिवाय ओटीपी प्रत्येक बिलाला विचारला जात नाही, लॉगइन करताना विचारला जातो. एसएमएस येत नसेल तर 'संदेस' ॲप आहे. 'एनआयसी-जीएसटी-शील्ड' नावाचं ॲप तर एकदा नोंदवलं की इंटरनेट नसतानाही फोनमध्येच आकडा तयार करतं आणि दर 30 सेकंदांनी तो बदलतं. "आमच्या एमआयडीसीत रेंजच नसते" ही तक्रार स्मार्टफोन असलेल्याच्या तोंडी आता शोभत नाही.

मग उपखाती का उघडत नाहीत? माहिती नसते, हे अर्धं उत्तर. मी माहिती दिल्यावरही फारच थोड्यांनी उघडली, म्हणजे उरलेलं अर्धं वेगळं असणार. हिशेबाच्या सॉफ्टवेअरबाबत एक समजूत अशी की वेगळं युजर नाव म्हणजे वेगळं लायसन्स, म्हणजे पैसे. टॅलीचं सिल्व्हर लायसन्स एकाच संगणकापुरतं असतं हे खरं, पण त्यात युजर कितीही बनवता येतात, फुकट. तरी ऑफिसातले पाच जण एकाच नावाने बसतात. याचं खरं कारण बोलून दाखवायला कुणाला आवडत नाही. एका पासवर्डखाली सगळ्यांचीच सोय आहे. चुकीचं बिल निघालं तर शेठ म्हणू शकतात, "मी काढलं नाही, पोरांनी काढलं." पोरं म्हणू शकतात, "लॉगइन शेठचं आहे." ई-वे बिल काय आणि ई-इनव्हॉइस काय, पोर्टलवर रद्द करायला 24 तास मिळतात. तेवढ्या वेळात चूक कुणाची हे कळलं नाही, की पुढे क्रेडिट नोट, खुलासे, सीएची फी. ओळख पटवण्याच्या सक्तीचा खरा जाच पुष्कळदा इथे होतो. ती आकडा मागते त्यापेक्षा नाव मागते म्हणून नकोशी वाटते.

आता सगळ्यात भावनिक आक्षेप. "आमचा माणूस वीस वर्षांचा आहे. त्याला रोज तू कोण म्हणून विचारायचं? हा अविश्वास नाही का?" असं म्हणणाऱ्या शेठची मुनिमावरची माया खोटी नसते. पण जुन्या पेढीवर मुनिमाची ओळख कुणी विचारत नव्हतं, कारण ती कीर्दीच्या पानावरच असायची. कोणत्या ओळीचं अक्षर कुणाचं हे पेढीतला पोरगासुद्धा सांगायचा. खाडाखोड झाली तर शाई ओरडून सांगायची. शिवकालीन पत्रं मजकूर संपतो तिथे 'मर्यादेयं विराजते' असा शिक्का मारून बंद केलेली असत. शिक्क्याखाली एक ओळ जरी वाढली असती तरी ती उपरी दिसली असती. कारभाऱ्यांवर विश्वास नव्हता म्हणून तो शिक्का आला, असं कुणी म्हणेल का? संगणकाने मुनिमाचं अक्षर पुसून टाकलं. पाच जणांनी केलेल्या नोंदी पडद्यावर एकाच टायपात दिसतात. एखादं व्हाउचर गायब झालं की संशय पाचही जणांवर, आणि त्यात सगळ्यात जास्त हाल होतात प्रामाणिक माणसाचे, कारण त्याच्याकडे स्वतःला सोडवायला पुरावाच नसतो. ओटीपी आणि वेगळं नाव त्या वीस वर्षांच्या माणसाला त्याचं अक्षर परत देतात.

हेच कंपन्यांच्या बाबतीत कायद्याने केलं आहे. दोनदा पुढे ढकलून अखेर 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक कंपनीचं हिशेबाचं सॉफ्टवेअर असं हवं की प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहील आणि ती नोंद बंद करता येणार नाही. लेखापरीक्षकालाही त्यावर अहवालात लिहावं लागतं. (मालकी आणि भागीदारी फर्मना हा नियम लागू नाही, म्हणून अर्ध्या बाजाराला तो ठाऊकही नाही.) पण सगळे 'ॲडमिन' नावानेच बसत असतील तर ही नोंद काय सांगणार? रात्री पावणेबाराला ॲडमिनने रक्कम बदलली. कोणता ॲडमिन? नोंदीचा सगळा खटाटोप या एका प्रश्नाशी येऊन अडतो.

ओरड करणाऱ्यांत सल्लागार मंडळी पुढे असतात, म्हणून त्यांच्या टेबलाचा खालचा खणही उघडून बघावा. त्यात अशिलांच्या डिजिटल सहीचे यूएसबी टोकन असतात, रबरबँडने बांधलेले, प्रत्येकावर नावाचा स्टिकर. काहींवर पिनसुद्धा चिकटवलेला. ज्याची सही तो माणूस महिनोन्महिने त्या ऑफिसकडे फिरकत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 42 प्रमाणे सहीची खासगी किल्ली ताब्यात ठेवण्याची जबाबदारी ज्याच्या नावाने ती आहे त्याच्यावर आहे. म्हणजे ज्यांनी कायदा समजावून सांगायचा त्यांच्याच खणात तो रोज मोडतो. विवरणपत्रांच्या शेवटच्या दिवसांत दुसरा इलाज नसतो, हे मलाही कळतं. मी कुणाला चोर म्हणत नाही. पण हा खण ज्यांच्या सवयीचा झाला, त्यांनी ओटीपीला व्यवसायावरचा हल्ला म्हणू नये.

सक्तीच्या बाजूने मात्र एक कच्चा युक्तिवाद नेहमी केला जातो, तो मी आपल्या बाजूला घेणार नाही. म्हणतात, यामुळे बोगस कंपन्यांना आळा बसेल. मे ते जुलै 2023 मधल्या देशव्यापी मोहिमेत जीएसटी नोंदणी असलेल्या, पण जागेवर अस्तित्वातच नसलेल्या 21,791 कंपन्या सापडल्या आणि संशयित करचोरीचा आकडा 24,010 कोटी रुपयांवर गेला. रोग भयंकर आहे, पण त्याचं औषध लॉगइनचा ओटीपी नव्हे. ज्याने दुसऱ्याच्या पॅनवर नोंदणी करून बोगस फर्म उभी केली, त्याने मोबाइल नंबर स्वतःच्याच ताब्यातला दिलेला असतो. ओटीपी त्यालाही मिळतो, आणि वेळेवर मिळतो. ती चोरी नोंदणीच्या दारातच पकडायला हवी. लॉगइनची पडताळणी खऱ्या धंद्याचं खातं दुसऱ्याच्या हाती पडण्यापासून वाचवते, एवढंच. एवढं पुरेसं आहे.

'गिऱ्हाईक वैतागेल, धंदा बसेल' हे भाकीत तर जुनंच आहे. 2009 मध्ये रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली तेव्हाही ते झालं होतं. पुढे उबरने परदेशी मार्गाने पैसे घेऊन ती टाळली. बँकेने ऑगस्ट 2014 मध्ये परिपत्रक काढून ती वाट बंद केली आणि उबर पेटीएमच्या पाकिटाकडे वळली. भारतातली ऑनलाइन खरेदी काही बसली नाही. पण गोष्ट इथेच थांबवणं लबाडीचं होईल. पुढच्याच वर्षी त्याच बँकेने कार्ड नुसतं टेकवून करायच्या 2,000 रुपयांपर्यंतच्या व्यवहारांना पिनमधून सूट दिली आणि 2021 पासून ती मर्यादा 5,000 केली. नियम कायम ठेवला आणि जिथे नुकसान लहान तिथे सैल केला. व्यापाऱ्यांनी मागावं तर असं काहीतरी: गोदामातल्या नोंदवलेल्या संगणकावर दिवसातून एकदाच विचारा, फक्त गाडीचा नंबर भरायचा असेल तर वेगळी सवलत द्या.

एका आक्षेपापुढे मी पूर्ण नमतो. सॉफ्टवेअर विकणारी खासगी कंपनी ओळख पटवण्यासाठी नंबर घेते, आणि मग त्याच नंबरवर नूतनीकरणाचे, कर्जाचे, नव्या आवृत्तीचे फोन सुरू होतात. उद्या ती आधारही मागेल. सप्टेंबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारी आधार कायद्याच्या कलम 57 मधली तरतूद रद्द केली. नंतरच्या दुरुस्तीनेही आधार देणं ऐच्छिकच राहिलं. 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा तर म्हणतो की संमती त्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती धरली जाईल. हिशेबाच्या प्रणालीला एवढंच कळायला हवं की काल बसलेला माणूस आणि आज बसलेला माणूस एकच आहे. त्याचा जन्म, पत्ता, बोटांचे ठसे यांच्याशी तिला कर्तव्य नाही. ॲपवरच्या आकड्याने हे काम भागत असताना कुणी आधार क्रमांक मागत असेल, तर तिथे व्यापाऱ्याने सरळ नाही म्हणावं, आणि संघटनेने त्याच्या पाठीशी उभं राहावं.

संघटना सध्या जी निवेदनं देताहेत त्यांत "सक्ती मागे घ्या" ही एकच ओळ असते. त्याऐवजी तीन मागण्या करा. उपखाती कशी उघडायची ते पोर्टलच्या पहिल्याच पानावर मराठीत लिहा. माणूस नोकरी सोडून गेला की त्याचं खातं मालकाला आपल्या फोनवरून, उभ्या उभ्या बंद करता आलं पाहिजे. आणि मुख्य मोबाइल नंबर बंद पडल्यावर तो बदलून घेण्याची प्रक्रिया एका दिवसात पुरी होईल असं लेखी द्या. या तीन गोष्टी सरकारने नाकारल्या, तर मीही तुमच्याबरोबर घोषणा द्यायला येईन. तोवर गोदामातल्या त्या मुलाच्या नावाने एक खातं उघडून द्या.