मेलला आणखी कुलपे नकोत

लहान उद्योजकांना सायबरशहाणपण वाटत फिरणारे एक गृहस्थ सध्या सिन्नरकडच्या मुसळगाव-माळेगावच्या शेडमध्ये दिसतात. म्हणणे असे: साधी ई-मेल म्हणजे उघडे पोस्टकार्ड. म्हणून प्रत्येक मेल कूटबद्ध करा, तिला डिजिटल सही लावा आणि त्याच सॉफ्टवेअरात कॅलेंडर, चॅट, कामांची यादी, एआय मदतनीसही घ्या. न घेणारा तो अडाणी.

पोस्टकार्डाची उपमा शिळी झाली. मोठ्या मेलसेवा एकमेकींना मेल देताना वाटेतला मजकूर टीएलएसने झाकतातच. सर्व्हरवर तो उघडा असतो, हे खरे. पण सिन्नरच्या टर्निंगवाल्याचे बुशचे कोटेशन वाचायला तिथे कोण टपून बसलेय?

खरे दुखणे कूटबद्ध मेल उघडणाऱ्या किल्लीचे आहे. फिल झिमरमन यांनी मेल कूटबद्ध करणारे पीजीपी १९९१ साली दिले. १९९९ मध्ये व्हिटन आणि टायगर या संशोधकांनी मेल रोज वापरणारी १२ शिकलेली माणसे त्यापुढे बसवली आणि त्यांना दीड तास दिला. बहुतेकांना ते जमले नाहीच. काहींनी तर जे लपवायचे तेच उघडे पाठवले. आमच्या शेडमध्ये मेलचा पत्ता एक आणि बघणारे तिघे: शेठ, हिशेबाच्या ताई, डिस्पॅचचा पोरगा. किल्ली कोणी सांभाळायची? हार्डडिस्क उडाली किंवा पोरगा अंबडला जास्त पगारावर गेला, की जुनी मेल कायमची बंद. जीएसटीचा कायदा म्हणतो, वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने कागद जपा. अधिकाऱ्याला काय सांगायचे, बिले फार सुरक्षित आहेत, आम्हालाही दिसत नाहीत? गिऱ्हाईक पाच वर्षांपूर्वीच्या ड्रॉइंगची रिव्हिजन मागते, तेव्हाही हीच गत. आणि एवढा खटाटोप करून पीजीपीच्या नेहमीच्या पद्धतीत विषयाची ओळ उघडीच राहते!

जास्तीच्या सोयींचे तर बोलूच नका. २०१८ मध्ये कूटबद्ध मेलमधली ‘ईफेल’ नावाची त्रुटी उघड झाली. मेलमध्ये बाहेरची चित्रे दाखवण्याची हौस होती, त्याच वाटेने उलगडलेला गुप्त मजकूर बाहेर नेता येत होता. उपाय काय सुचवला गेला? एचटीएमएल बंद ठेवा. म्हणजे साधेपणाच.

असे उत्साही लोक आम्ही पूर्वीही पाहिलेत. खास मराठी फॉन्ट घ्या, पत्रे कशी देखणी जातात बघा, म्हणायचे. समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की देखण्या पत्राची गिचमीड व्हायची. त्या काळातल्या फायली आज उघडून बघा. युनिकोडमधला साधा मजकूर मात्र कुठेही वाचता येतो. तेव्हा हे बोललो तर आम्हाला प्रगतीचे वैरी ठरवले होते. असो.

आता चोरीचे. चोर पासवर्ड मिळवतो किंवा एका अक्षराचा फरक असलेला पत्ता काढतो आणि लिहितो, ‘आमचे बँक खाते बदलले आहे.’ चोराने ही मेल नीट कूटबद्ध करून पाठवली तरी ती थापच. सहीने ओळख पटेल म्हणाल, तर पाठवणाऱ्याचा पत्ता न बघणारा माणूस सही तपासणार आहे थोडाच!

मेल सॉफ्टवेअरने मजकूर दाखवावा, पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता ठळक दाखवावा, जुने पटकन शोधून द्यावे. बाहेरची चित्रे आपणहून उघडू नयेत. पासवर्डला दुसरी पायरी आणि बॅकअप हवाच. पत्रकाराला, वकिलाला खरोखर गुप्त बोलायचे असेल, त्यांनी सिग्नल अ‍ॅपसारखे वेगळे साधन घ्यावे. त्यांच्यासाठी सगळ्या तालुक्याला किल्ल्या वाटायला नकोत.

आणि खाते बदलल्याची मेल आली, तर पैसे सोडण्याआधी आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन करा, मेलमध्ये दिलेल्या नव्हे. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० लावा.