उमरावांचे अरण्य आणि गावाचे गोटुल

उमरावांच्या स्वैर विलासावर बेतलेल्या ऐतिहासिक चित्रपटांत ‘स्वातंत्र्य’ हा शब्द मोठ्या औदार्याने वापरला जातो. आल्बेर सेरा या कातालान दिग्दर्शकाच्या २०१९ मधील चित्रपटाचे तर नावच ‘लिबेर्ते’, म्हणजे स्वातंत्र्य. काळ १७७४ चा. सोळाव्या लुईच्या दरबाराला नकोसे झालेले उमराव एका रात्री अरण्यात जमतात आणि पहाटेपर्यंत देहसुखाचे नाना प्रयोग करून पाहतात. कान महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, आणि त्याचे धाडस नाकारण्याचे कारण नाही. परंतु उमरावांचे मेणे ज्या झाडीत उतरतात तेथे गाव नाही, शेत नाही, चूल नाही. अरण्य म्हणजे दरबारी नियमांतून सुटण्याची मोकळी जागा, एवढाच त्याचा अर्थ.

मराठी प्रेक्षकाने विलासाची दुसरी बाजू पाहिली आहे. १९७६ च्या ‘घाशीराम कोतवाल’ चित्रपटात नानांच्या वासनेचे मोल कोतवालीच्या रूपाने चुकते होते आणि त्याचे व्याज पुण्याची रयत भरते. (त्यातले नाना इतिहासातले किती, हा वाद मूळ नाटकाइतकाच जुना आहे.)

पण निर्मनुष्य अरण्याच्या कल्पनेचा हिशेब पुण्यात होणार नाही. त्यासाठी गडचिरोलीतच यावे लागते. येथील अरण्य कधीच रिकामे नव्हते. तरीही माडिया-गोंडांच्या गोटुलाकडे बाहेरच्यांनी पाहिले ते बहुधा उमरावी नजरेनेच. तरुण-तरुणींच्या बेबंद विलासाचे घर म्हणून. वस्तुतः गोटुल ही साऱ्या गावाची जागा. तेथे बैठका भरतात, नाचगाणे होते, तरुणांना गावाची रीत कळते. तेथील मोकळेपणालाही त्याच रीतीचा बांध असतो. उमरावाच्या स्वैराचारात तत्त्वज्ञान शोधणाऱ्या रसिकाला आदिवासी मुलीच्या नाचात मात्र निव्वळ देह दिसावा, हा दुजाभाव कलेच्या नावाखाली खपवून घेण्याजोगा नाही.

गोटुलासाठी किती मोजावे लागते, हे धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला विचारावे. १९८० नंतरच्या दशकात गावाने जंगलातील सागाचे लाकूड आणून गोटुल उभारले. वनखात्याने ते पाडले. आसपासची गावे एकत्र आली आणि गोटुल पुन्हा उभे राहिले. वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये याच गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला; २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला.