रोहिणीचा पाऊस आणि नीरेचा कालवा

बारामती-इंदापूरचा उन्हाळा म्हटला, कीं तापलेलें माळरान आणि आभाळाकडे लागलेले डोळेच आपणांस आठवतात. पर्जन्यछायेंतील हा मुलूख १८७६-७७ च्या दुष्काळांत होरपळला. त्यानंतरच्या दशकांत नीरेचा डावा कालवा झाला, आणि या मातीस पाणी भेटलें.

परंतु २५ मे २०२५ रोजीं, वैशाख वद्यांत, सूर्यानें रोहिणींत पाऊल ठेवलें त्याच दिवशीं असा पाऊस कोसळला, कीं बारामतीजवळ पिंपळी येथें तोच कालवा फुटला! पाणी शेतांत शिरलें, घरांतहि शिरलें. मुंबईस मोसमी पाऊस पोहोंचण्याची नित्याची तारीख ११ जून. त्या वर्षीं तो २६ मे रोजींच तेथें दाखल झाला.

दुष्काळानें आपणांस थेंब जपावयास शिकविलें. पाण्यास वाट द्यावयास मात्र आपण शिकलों नाहीं. मृगाच्या भरंवशावर पन्हळी तुंबलेल्या, गटारें बुजलेलीं, वर्षाचें धान्य जमिनीलगत, असें कितीतरी घरांत असतें. वाचकहो, हीं कामें यापुढें अक्षय्यतृतीयेसच उरकावीं. पंचांग नक्षत्राचा दिवस सांगतें. पावसाचा शब्द देत नाहीं.