आळशी वाफा म्हणे!

मंडळी, आयर्लंडच्या बटाटा-शेतीबद्दल वाचताना एका शब्दाशी अडखळलो. तिथले गरीब शेतकरी ज्या वाफ्यांत बटाटा लावत, त्यांना इंग्रजीत नाव आहे 'लेझी बेड'. आळशी वाफा! का, तर म्हणे खालची जमीन नांगरत नाहीत.

आता हा 'आळस' कसा असतो तो ऐका. जमीन उताराची, ओली, खडकाळ. नांगर-घोडा परवडणार कुणाला? मार्चमध्ये, सेंट पॅट्रिकच्या सणाच्या सुमारास, गवतावरच शेणखताचा पट्टा अंथरायचा. किनाऱ्यावरची माणसं समुद्रशेवाळ पाठीवरून वाहून आणत. त्यावर डोळे राखून कापलेलं बेणं मांडायचं. मग 'लॉय' नावाच्या लांब दांड्याच्या फावड्याने दोन्ही बाजूंची गवताळ ढेपळं कापून त्यावर पालथी घालायची. गवत कुजून खत होतं, चरातून पाणी निघून जातं, आणि त्याच चरातली माती पुढे भर लावायला येते. शरद ऋतूत एकेक वरंबा हाताने खणायचा आणि बटाटा खड्ड्यात पेंढा-मातीखाली हिवाळ्यासाठी झाकून ठेवायचा. हे आळशाचं काम? करून पाहा एक गुंठा!

1845 साली बटाट्यावर करपा आला. मदतकार्याची सूत्रं ज्यांच्या हाती होती, त्या चार्ल्स ट्रेव्हेल्यन साहेबांनी 1848 च्या पुस्तकात या आपत्तीत दयाळू ईश्वराचा हात पाहिला, आणि बटाट्यावर जगण्याच्या सवयीला दोष दिला. तोवर माणसं मरतच होती. 1852 पर्यंत सुमारे 10 लाख मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. आणि त्याच काळात आयर्लंडमधून धान्य बाहेर जात होतं.

कुणी म्हणेल, एकाच 'लंपर' जातीवर विसंबले कशाला? अहो, ओट आणि जनावरं विकून जमीनदाराचा खंड भागवायचा. उरलेल्या तुकड्यात कुटुंबाचं पोट भरेल असं दुसरं होतं काय?

इतकी वर्षं शाळेत शिकवलं, त्यातून एक कळलं. पोराला एकदा 'ढ' म्हटलं की त्याची वही उघडून बघायची गरज उरत नाही. 'आळशी' या शब्दाने तेच केलं.

पश्चिम आयर्लंडच्या डोंगरउतारांवर ते वरंबे आजही गवताखाली दिसतात. पावणेदोनशे वर्षांत पुसले गेले नाहीत. आळशाच्या हातचं काम इतकं टिकतं होय?